खोटीं नाणीं व त्यांचा संग्रह

जुन्या नाण्यांची पिशवी पुढें ओतली म्हणजे संग्राहकाचा हात प्रथम कशाकडे जातो, हें सांगावयास नको. पुऱ्या ठशाचीं, सुबक नाणीं तो वेचून घेतो. झिजलेलीं बाजूस सारतो. आणि ज्यांच्या रुप्याखालून तांबें डोकावतें तीं बहुधा मोडींत जातात. ह्या शेवटच्या वर्गाविषयीं चार शब्द लिहावे असा आमचा हेतु आहे. कारण अशा मोडीबरोबर इतिहासाचें एक साधनहि मुशींत वितळत असतें.

खोट्या नाण्याची हौस कांहीं आजची नव्हे. इ. स. ७९ मध्यें मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी नमूद करतो कीं, त्याच्या काळीं लोक खोट्या देनारियसचा नमुना मोठ्या आस्थेनें न्याहाळीत आणि एका खोट्यासाठीं अनेक खरे मोजीत. आमच्या कौटिल्याची दृष्टि निराळी. खोटें नाणें पाडविणारा, घेणारा व चालविणारा ह्यांस तो हजार पणांचा दंड सांगतो. पण तेंच नाणें राजाच्या कोशांत टाकणाऱ्यास देहान्त शासन. नाना धातु, क्षार, कोळसे, भाते, सांडस, ऐरण आणि मुशी वरचेवर खरीदणाऱ्या इसमावर गुप्तपणें नजर ठेवावी, असेंहि तो बजावतो. खोटेंकऱ्याच्या कारखान्याची यादीच आपल्या हातीं लागली म्हणावयाची! तांब्याच्या गाभ्यावर रुपें चढविलेले कार्षापण आज प्रत्यक्ष उपलब्ध आहेत. म्हणजे ग्रंथाची साक्ष नाण्यानें पटते. हीं नाणीं कोणीं जपून ठेवलींच नसतीं तर ही पडताळणी शक्य झाली नसती.

अशा नाण्याची घडण अशी. तांब्याच्या चकतीस रुप्याचा पातळ पत्रा लपेटून, तापवून तो तिच्याशीं एकजीव करीत व मग ठसा मारीत. दुसरी रीत सोपी : खऱ्या नाण्यावरून मातीचा सांचा करून त्यांत हलका धातु ओतावयाचा. ओतींव नाण्यावर बुडबुड्यांचे बारीक खळगे राहतात व कडेस सांध्याची रेषा दिसते. पत्रा चढविलेलें नाणें मात्र ठशाचेंच असल्यामुळें डोळ्यांस सहज फसवितें. तेथें तराजू उपयोगी पडतो. रुप्यापेक्षां तांबें हलकें असल्यामुळें सुमारें साडेअकरा ग्रॅमच्या मोगली रुपयाच्या आकाराची निव्वळ तांब्याची चकती पावणेदहा ग्रॅमच्या आसपास भरेल; अर्थात् तूट जवळजवळ पावणेदोन माशांची. ती भरून काढावी तर नाणें जाड होतें. ह्या पेचांतून खोटेंकरी सहसा सुटत नाहीं. उरलेला संशय सराफ टोचा मारून फेडीत असे. जुन्या रुपयांवर दिसणाऱ्या ह्या सराफी टोच्यांनीं नाणें विद्रूप झालें म्हणून पुष्कळ संग्राहक नाकें मुरडतात. आम्हांस तर तो टोचा म्हणजे तें नाणें बाजारांत पारखलें गेल्याची पावतीच वाटतो.

येथें एक भेद अवश्य ध्यानांत ठेवला पाहिजे. बाजारांत खपविण्यासाठीं त्याच काळीं केलेलें खोटें नाणें वेगळें, आणि पुढें केव्हां तरी संग्राहकास फसविण्यासाठीं केलेली नक्कल वेगळी. पहिलें आपल्या काळाविषयीं खरेंच बोलतें. कोणतें नाणें लोकांच्या विश्वासाचें होतें हें त्यावरून कळतें, कारण ज्यास कोणी हात लावीत नाहीं त्याची नक्कल कोण करील? दुसरें त्या काळाविषयीं निखालस खोटें बोलतें.

तथापि हें दुसऱ्या वर्गाचें नाणेंहि फेकून देऊं नये. जर्मनींतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) ह्यानें ग्रीक, रोमन व इतर जुन्या नाण्यांच्या नकलांसाठीं शेंकडों ठसे कोरले. नवेपणा जावा म्हणून लोखंडाच्या किसाच्या पेटींत नाणीं घालून ती पेटी तो आपल्या गाडीस बांधून फिरवी, असें सांगतात. परंतु त्याचे ठसे बर्लिनच्या संग्रहालयांत राहिले आणि जॉर्ज हिल ह्यांनीं १९२४–२५ मध्यें त्यांची वर्णनवार यादी छापली. संशयित नाणें हातीं आलें कीं त्या यादीशीं ताडून पाहतां येतें. बेकरच्या नकला आज स्वतः मोल देऊन घेतल्या जातात, हा त्याच्या कसबाचा मान असेल. आम्हांस महत्त्व त्या यादीचें.

आपल्याकडे अशा यादीची गरज शिवछत्रपतींच्या होनाइतकी दुसऱ्या कोणत्याहि नाण्यास नाहीं. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीवर ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असलेला हा होन अस्सल स्वरूपांत अत्यंत विरळा. उलट नकला मुबलक. अशी एखादी नक्कल ‘नवा प्रकार’ म्हणून एकदां छापली गेली कीं पुढील लेखक तिचाच आधार घेतात, आणि खोटें नाणें इतिहासांत चालूं लागतें.

शिवराईच्या बाबतींत मात्र उलट दिशेनें सावध राहिलें पाहिजे. अक्षरें वेडींवांकडीं किंवा अशुद्ध दिसलीं कीं तिला खोटी ठरविण्याची घाई कांहीं मंडळी करतात. ती आम्हांस मान्य नाहीं. पेशवाईंत टांकसाळीचे परवाने खाजगी व्यक्तींस दिले जात. ठसे अनेक हातांनीं कोरले गेले. तेव्हां केवळ ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीवरून निवाडा करणें म्हणजे ठसे कोरणाऱ्या कारागिराची व्याकरणांत परीक्षा घेणें होय! धारवाड प्रांतीं जमीनदारांनीं आपल्याच टांकसाळी घालून हिणकस नाणें पाडिलें, म्हणून सरकारास त्या बंद कराव्या लागल्या. तेथें खरें व खोटें ह्यांमधील रेघ सरकारच्या हुकुमानें पडली होती; ती नुसत्या धातूंत शोधून कशी सांपडणार?

म्हणून सुचवावेंसें वाटतें तें इतकेंच : प्रत्येक संग्रहांत खोट्या नाण्यांसाठीं निराळा खण असावा, प्रत्येक नगाचें वजन, व्यास, धातु, कडेचें स्वरूप व तें कोठून आलें हें लिहून ठेवावें, दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. चालू नाण्यांच्या नकलांपासून मात्र दूर राहावें; तें क्षेत्र पोलिसांचें. फसलेले गृहस्थ लाजेनें गप्प बसतात, ही मोठी अडचण आहे. ज्यांजवळ संशयित होन असतील त्यांनीं नांव न कळवितां नुसतीं छायाचित्रें व वजनें मंडळाकडे धाडलीं तरी एकाच ठशांतून निघालेले होन एकत्र लावतां येतील, आणि यादीस आरंभ होईल.