पुराव्यापोटी जन्मलेली वंशावळ

वतनाच्या कज्ज्यात वादी-प्रतिवादींनी आपापला करीना लिहून द्यावा, आणि कित्येक पिढ्यांनंतर त्याच करीन्याच्या आधारे कुलवृत्तांत रचणाऱ्याने मूळपुरुषाचा माग काढावा, हा क्रम महाराष्ट्राच्या चांगला परिचयाचा आहे. वंशावळ ही पितृभक्तीतून जितकी उपजते तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, हक्काचा पुरावा मागणाऱ्या सरकारच्या तगाद्यातून उपजते. ज्या देशाच्या संविधानाने सरदारकीचे किताब देण्यासच मज्जाव केला, त्या अमेरिकेतही हाच न्याय लागू पडावा, हे वरवर पाहता विस्मयकारक वाटते. परंतु तेथील वंशशोधाची कुळकथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरकारी दफ्तरांतच दडलेली आहे.

आरंभी कुळाची नोंद असे ती घरच्या बायबलात. जुन्या व नव्या कराराच्या मध्ये कोरी पाने बांधलेली असत आणि त्यांवर जन्म, विवाह व मृत्यू टिपून ठेवण्याची चाल होती. स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या विधवांना निवृत्तिवेतन देण्याचे कायदे झाले, तेव्हा विवाहाचा अन्य दाखला जवळ नसलेल्या कित्येक वृद्धांनी ही पानेच फाडून अर्जासोबत रवाना केली, आणि ती आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या त्या प्रकरणाला जोडलेली आढळतात. 1845 साली बॉस्टन येथे न्यू इंग्लंडच्या कुळांचा अभ्यास करणारी संस्था निघाली खरी. पण घराघरांतील खाजगी स्मृती सरकारी कागदावर मोठ्या प्रमाणावर उतरली ती 1861 ते 1865 या यादवी युद्धानंतर.

त्या युद्धात पडलेल्या सैनिकाच्या विधवेस आपले लग्न आणि मुलांची वये सिद्ध करावी लागत, आणि त्यासाठी सुईण, शेजारी, पाद्री यांच्या शपथेवरील जबान्या घेतल्या जात. दास्यात असताना झालेल्या विवाहाला तर कायद्याची मान्यताच नव्हती. म्हणून कृष्णवर्णी सैनिकांच्या विधवांचे दांपत्य साक्षीदारांच्या तोंडून शाबीत करून घेण्याची तजवीज 1864 च्या कायद्याने केली. या जबान्यांत पूर्वीच्या मालकाचे नाव, मळ्याचा ठिकाणा, विकल्या गेलेल्या भावंडांची हकीकत असे जे येते, त्याचे मोल जाणायचे तर 1850 आणि 1860 च्या खानेसुमारीची दासांविषयीची कोष्टके पाहावीत: तेथे मालकाच्या नावाखाली केवळ वय, लिंग आणि वर्ण नोंदलेले असून दासाचे नाव बहुधा नाहीच. 1870 ची खानेसुमारी ही या लोकांना सर्रास नावानिशी मोजणारी पहिली. तिच्या अलीकडे मार्ग सुगम, पलीकडे मात्र भिंत, आणि त्या भिंतीला खिंडार पाडणारा कागद पुष्कळदा एखाद्या विधवेच्या अर्जाचाच असतो.

1880 च्या खानेसुमारीने प्रत्येक माणसाचे कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि त्याच्या आईबापांचे जन्मस्थान हे रकाने जोडले. युरोपच्या दक्षिणेकडून व पूर्वेकडून येणाऱ्या आगंतुकांची संख्या पुढे वाढतच गेली, 1892 मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावरील ठाणे उघडले, आणि जुन्या रहिवाशांना आपले जुनेपण सिद्ध करण्याची निकड भासू लागली: 1889 मध्ये स्वातंत्र्ययुद्धाच्या पुत्रांची आणि 1890 मध्ये कन्यांची संस्था स्थापन झाली, व त्यांत प्रवेश मिळवायचा तर पिढीगणिक पुरावा आवश्यक ठरला. 1894 मध्ये युटातील मॉर्मन समाजाने पितरांच्या पारलौकिक उद्धारासाठी वंशशोधाची संस्था काढली. तिचा हेतू धार्मिक होता, पण पुढे जगभरच्या नोंदींच्या सूक्ष्मपटांचा प्रचंड साठा तिच्याच हातून झाला. याच दशकात डॉझ आयोगाने चेरोकी आदी पाच जमातींची सामाईक जमीन व्यक्तिशः वाटून टाकण्यासाठी त्यांच्या लोकांच्या याद्या करावयास घेतल्या. जमिनीचे सामाईकपण मोडण्यासाठी लिहिलेल्या त्या याद्यांतील पूर्वजावरच आज चेरोकी राष्ट्राचे नागरिकत्व अवलंबून आहे.

या सर्व दफ्तरांत जे अग्रभागी असायचे तेच नेमके नाहीसे झाले आहे. 1890 च्या खानेसुमारीने सुमारे 6 कोटी 30 लक्ष माणसे मोजली, हॉलेरिथच्या छिद्रपत्रांच्या यंत्राने त्यांची बेरीज केली, आणि वसाहतीची सलग सीमारेषा आता उरली नाही असा निष्कर्षही तिच्यावरूनच निघाला. परंतु 10 जानेवारी 1921 रोजी वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीस लागलेल्या आगीत तिची मूळ कोष्टके जळाली, भिजली, आणि उरलीसुरली पुढे काँग्रेसच्या संमतीने नष्ट करण्यात आली. सुमारे सहा हजारांच्या वर नावे शिल्लक नाहीत. 1881 साली जन्मलेले आणि 1899 साली विवाह करून घराबाहेर पडलेले मूल देशाच्या कोणत्याही उपलब्ध खानेसुमारीत आपल्या आईबापांच्या छपराखाली दिसत नाही, ते यामुळेच.

म्हणून 1880 नंतरच्या वीस वर्षांतील पूर्वज शोधणाऱ्याने आधी हे विचारावे, की त्याने सरकारकडे काय मागितले होते. 1862 च्या कायद्यान्वये 160 एकर जमीन मागितली असेल, तर पाच वर्षांच्या वहिवाटीनंतर दोन साक्षीदारांसह दिलेल्या कैफियतीत घराचे माप, नांगरलेले क्षेत्र आणि कुटुंबाचा विस्तार आहे. तो परदेशात जन्मलेला असेल, तर नागरिकत्वाचा दाखलाही तेथेच जोडलेला सापडतो. उलट ज्याने काही मागितले नाही, किंवा ज्याला मागण्याचा अधिकारच नव्हता, तो कागदावर केवळ संख्या होऊन राहिला. त्याचा माग काढणारा वंशज देशाचा इतिहास बाजूला ठेवून एक पिढीही मागे जाऊ शकत नाही, कारण कोणाची नावे लिहावयाची आणि कोणाची केवळ गणती करावयाची, हा निवाडा त्या इतिहासानेच करून ठेवलेला आहे.