भेडाघाट : संगमरवराची दरी आणि दगडाचे गाव

खाण बंद पडली की गाव ओस पडते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. अमेरिकेतील लेडव्हिल या सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील जुन्या चांदीच्या गावाने मात्र दुसरा मार्ग काढला. जवळची क्लायमॅक्स खाण १९८२ मध्ये बंद होऊन बेकारी वाढली. पुढच्याच वर्षी तेथे १०० मैलांची पर्वतीय धावशर्यत सुरू झाली आणि गावाला पाहुण्यांचा आधार मिळाला.

जबलपूरजवळील भेडाघाटात दगडाचा व्यवसाय व पर्यटन शेजारीशेजारी नांदतात. कांचघरसारख्या शहराच्या पूर्वेकडील वस्तीतून निघाल्यास सारे शहर ओलांडून पश्चिमेला वीस-पंचवीस किलोमीटर जावे लागते. धुआंधार धबधब्यावरून कोसळलेली नर्मदा पुढे सुमारे तीन किलोमीटर संगमरवरी कड्यांमधून वाहते. हे कडे सुमारे ३० मीटर उंच असून त्यांचा दगड मॅग्नेशियमयुक्त आहे. दरीच्या अगदी अरुंद जागेला 'बंदरकूदनी' म्हणतात; येथून पूर्वी माकडे पलीकडे उडी मारीत, अशी आख्यायिका आहे.

याच परिसरात शंखजिरे सापडते. हा मऊ दगड कोरून मूर्ती, दिवे व डब्या घडविणारे कारागीर घाटाच्या वाटेवर दुकाने मांडून बसतात. जबलपूरच्या पाषाणशिल्पाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये भेडाघाट-लमेटाघाटचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. कड्यांचे जतन झाले नाही तर नावाडी आणि शिल्पकार दोघांचीही उपजीविका धोक्यात येईल. म्हणूनच दगड काढण्याचा प्रश्न येथे केवळ पर्यावरणाचा उरत नाही.

लमेटाघाटाचे नाव भूशास्त्रातही आहे. जबलपूर परिसरात १८२८ मध्ये स्लीमन यांना डायनासोरची हाडे सापडली. ज्या खडकांत ती होती, त्यांना पुढे 'लमेटा' हे नाव मिळाले.

पंचवटी घाटावरून नौका सुटतात. पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो. बर्गी धरणातून पाणी सोडले की नदी वेगाने चढते आणि पुरात धुआंधारचा धबधबा दिसेनासा होतो. ओल्या खडकांवर पाय घसरून अपघात घडतात. त्यामुळे कठडा ओलांडू नये. दहाव्या शतकातील चौसष्ट योगिनी मंदिरासाठी शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. शरद पौर्णिमेच्या सुमारास नर्मदा महोत्सव भरतो. चांदण्यात कडे पाहण्यासाठी त्या दिवसांत मोठी गर्दी होते.