वाहन-मागणी ॲप : वापर-रचना

मोबाइलवरून रिक्षा किंवा टॅक्सी मागवण्याचे टप्पे प्रवासी व चालक दोघांनाही सोपे करणारी आखणी. भारतात ओला (स्थापना २०१०) आणि उबर (२०१३ पासून) यांनी ही सेवा रुजवली (पहा : ऑटोरिक्षा). नांदेड-लातूर या शहरांसाठी या रचनेचा पाया प्रवासी उभा असलेल्या जागेची ओळखीची खूण हाच हवा. नकाशावरची टाचणी पुरते, हा आक्षेप टिकत नाही. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत काही मीटरांची चूक राहते (पहा : जीपीएस), आणि लातूरच्या गंजगोलाईला तर १६ रस्ते मिळतात, म्हणून रस्त्याचे तोंडही विचारावे लागते. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात पंजाबातून भाविक येतात. त्यामुळे ॲपच्या भाषेत मराठीसोबत गुरुमुखी लिपीतील पंजाबीचा पर्याय आवश्यक ठरतो.