ढालीवरची तीन अक्षरे

मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटावर ठेवलेली लाकडी ढाल आठवते? मधोमध पितळी पत्रा, भोवती छोट्या पट्ट्या आणि वर ‘ए.सी.सी.’ ही तीन अक्षरे. आठवीत असताना ती सिमेंट कंपनीने दिली असावी, अशी आमची ठाम समजूत होती. शाळेत तेव्हा नव्या खोल्यांचे बांधकाम चालू होते, एवढाच तिला आधार!

मेळाव्याच्या प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू काढल्या, तेव्हा ढाल पुन्हा हाती आली. लगेच चिठ्ठीही तयार झाली : ‘एनसीसीची फिरती ढाल, १९७१’. युद्धाचे साल म्हणून सर्वांना पटले. मीही मान डोलावली, पण ती तीन अक्षरे डोक्यातून जाईनात.

उलगडा केला आपल्या एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याने. “नाही रे भो, ती एनसीसी नव्हती. एनसीसीत मोजक्या पोरांना जागा. आम्ही उरलेले!”

मग मी पुस्तके चाळली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली नेमलेल्या पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने विद्यार्थ्यांच्या सैनिकी शिक्षणाचा आराखडा केला आणि १९४८ च्या कायद्याने एनसीसी उभी राहिली. तिच्यात जागा थोड्या, इच्छुक फार. म्हणून पन्नाशीच्या दशकात शाळकरी मुलामुलींसाठी ऑक्झिलरी कॅडेट कोर आली, तीच ए.सी.सी. कवायत, सांघिक खेळ, श्रमदान असा तिचा कारभार. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले (आपले सावंतवाडीकडचे) यांनी १९५४ मध्ये सुरू केलेली राष्ट्रीय शिस्त योजनाही त्याच काळातली. एकाच शाळेत इतक्या कवायती कशाला, हे पाहायला १९५९ मध्ये पुन्हा कुंझरूंचीच समिती नेमली गेली! अखेर १९६५ मध्ये शिस्त योजना आणि ए.सी.सी. एकत्र करून नवी योजना आखली गेली. म्हणजे आपली ढाल त्याआधीची. १९७१ चा तिच्याशी काही संबंध नाही.

ज्येष्ठांना ढालीपेक्षा परतीचा प्रवास जास्त आठवतो. पाचोऱ्याहून पी.जे.च्या छोट्या गाडीत सर्वांनी ती आळीपाळीने मांडीवर घेतली होती. “बंदूक आम्हाला कधी मिळाली नाही. ढाल मात्र मिळाली,” असे म्हणून ते खूप हसले. मग थांबून म्हणाले, “सरांचं नाव कुठं लिहिलं का रे?”

नव्हते लिहिले. शाळेच्या फलकावर एनसीसीच्या अधिकारी शिक्षकांची नावे ओळीने आहेत. पहाटे मैदानावर चुन्याच्या रेघा मारून या पोरांना उभे करणाऱ्या सरांच्या खांद्यावर कसलेच चिन्ह नव्हते, म्हणून ते फलकावर आले नाहीत. आम्हीही चुकीची चिठ्ठी लावून त्यांना दुसऱ्यांदा पुसणार होतो.

चिठ्ठी बदलली आहे. आता तिच्यावर ए.सी.सी.चे पूर्ण नाव आहे आणि खाली सरांचे. पितळी पट्ट्यांवरची अक्षरे मात्र घासून घासून गेली आहेत. त्या काळातला एखादा गटफोटो कोणाच्या घरी असेल, तर मेळाव्याला येताना जरूर आणावा.