पेनाइनची पायवाट

ज्या वाटेची हकीकत सांगावयाची आहे ती इंग्लंडातली आहे. एडेल नावाच्या खेड्यापासून निघून ती पेनाइन डोंगरांच्या कण्यावरून उत्तरेस जाते आणि स्कॉटलंडच्या हद्दीत कर्क येटम येथे संपते. लांबी २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटर. पाठीवर पडशी बांधून चालणाऱ्यास दोन-तीन आठवडे लागतात. ही वाट कोणा राजाने पाडली नाही, की फौजेसाठी झाली नाही. कारखान्यातून वर आलेल्या एका माणसाच्या मनात ती उपजली आणि तिच्यासाठी त्याला तीस वर्षे लेखणीही झिजवावी लागली, चपलाही. मजूर चळवळीच्या इतिहासात संपांना जागा मिळते, कायद्यांना मिळते. या वाटेलाही मिळावी असे माझे म्हणणे आहे.

टॉम स्टीफनसन १८९३ साली लँकशायरमध्ये जन्मला. ज्या मुलखातल्या गिरण्यांच्या कापडाने आपल्याकडचे कितीतरी हातमाग बसवले, तोच हा मुलूख. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोर चिटे छापण्याच्या कारखान्यात लागले. कामावर लागल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी ते जवळच्या पेंडल डोंगरावर चढले. तेथून पलीकडची बर्फाने झाकलेली शिखरे दिसली, आणि डोंगरांचे जे वेड लागले ते जन्मभर सुटले नाही.

आता ही शनिवारची मोकळीक आली कोठून? १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या बाया व पोरे यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबवले. त्यांच्यावाचून यंत्रे चालेनात, म्हणून पुरुषही सुटले. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून आठवड्याच्या एका सुट्टीसाठी झगडून ती मिळवली १८९० साली. इकडे रविवार मिळायला जेवढी यातायात पडली, तेवढीच तिकडे अर्ध्या शनिवारालाही पडली होती. डोंगरावर चढणारा गडी हौशी दिसतो खरा, परंतु त्याच्या पायाखाली कोणाची तरी चळवळ असते.

स्टीफनसनने कामाचे तास संपल्यावर भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. लंडनला शिकण्याची शिष्यवृत्ती मिळवली. तेवढ्यात पहिले महायुद्ध आले. युद्धात लढणार नाही, असे त्याने सांगितले. तुरुंग भोगला आणि शिष्यवृत्तीही गमावली. पुढे तो मजूर पक्षाचा संघटक झाला, मग पत्रकार. पोटाचा धंदा लेखनाचा, सुट्टीचा धंदा चालण्याचा. आणि चालून आल्यावर जे लिहायचे तेही चालण्याविषयीच.

अडचण एकच होती, पण मोठी. डोंगर बंद होते. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन गिरणी-कारखान्यांच्या शहरांमधला किंडर स्काउटचा पठारी माळ जमीनदारांनी ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. दरवर्षी १२ ऑगस्टला शिकार सुरू व्हायची. बाकीचे महिने पाखरे बिथरू नयेत म्हणून राखणदार काठ्या घेऊन फिरायचे. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे तरुण त्या माळावर उघडपणे घुसले. पुढारी बेनी रॉथमन, वीस वर्षांचा बेकार मोटार-कारागीर. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना तुरुंग मिळाला, तो जमिनीवर पाय ठेवल्याबद्दल नव्हे, दंग्याच्या आरोपावर! या मोहिमेच्या प्रसिद्धीचे काम करणारा सतरा वर्षांचा एक पोरगा पुढे यूअन मॅकॉल या नावाने गीतकार व नाटककार म्हणून गाजला. मँचेस्टरच्या भटक्यावरचे त्याचे गाणे याच लढ्यातून आले आणि अजून गायले जाते.

स्टीफनसन त्या दिवशी तेथे नव्हता. अशा घुसखोरीने आपल्या मागणीचे काही भले झाले नाही, असे त्याचे मत होते, आणि ते त्याने लपवले नाही. वाटाघाटीच्या टेबलाशी बसलेल्या कोणाही कार्यकर्त्याला हा वाद ओळखीचा वाटेल. माझे मत विचाराल तर, फाटकावर आरडाओरड झाल्याशिवाय टेबलाशी खुर्ची मिळत नाही. पण खुर्ची मिळाल्यावर तीवर वर्षानुवर्षे बसून राहणारा माणूसही लागतोच. तो स्टीफनसन होता.

अमेरिकेतल्या दोन मुलींनी पत्राने विचारले, आमच्या ॲपलाचियन वाटेसारखी लांब वाट तुमच्याकडे आहे काय? २२ जून १९३५ रोजी ‘डेली हेरल्ड’ या कामगार चळवळीच्या दैनिकात त्याने उत्तर लिहिले: नाही, पण हवी. एका लेखाने रस्ता होत नसतो. मधले कित्येक मैल असे होते की जेथे चालण्याचा हक्कच नव्हता. प्रत्येक तुकड्यासाठी कोणा ना कोणा जमीनमालकाशी किंवा पाणीपुरवठा खात्याशी बोलणे करावे लागले. १९४८ साली त्याने बार्बरा कॅसल, ह्यू डाल्टन वगैरे खासदारांनाच त्या डोंगरावर चालायला नेले. दमलेला खासदार युक्तिवाद लवकर समजतो, असे दिसते! १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये वाटेला मंजुरी मिळाली आणि २४ एप्रिल १९६५ रोजी ती खुली झाली. तारीख पाहा; किंडरच्या घुसखोरीला त्या दिवशी बरोबर तेहतीस वर्षे झाली.

स्टीफनसन १९८७ साली वारला. निषिद्ध भूमी अशा अर्थाच्या नावाचे त्याचे पुस्तक १९८९ साली निघाले, आणि मोकळ्या माळांवर सर्वांना फिरण्याचा हक्क देणारा कायदा झाला २००० साली. तोवर वाटेवर इतके पाय पडले होते की दक्षिणेकडची दलदलीची मऊ जमीन खचून रुंद चिखल झाला. तेव्हा दगडी फरशा अंथराव्या लागल्या. त्यांतल्या पुष्कळशा बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतून उखडलेल्या होत्या; हेलिकॉप्टरने त्या डोंगरावर नेल्या आणि आज चालणारे त्यांवरूनच जातात.