उलट वार : एका शब्दाची फोड

पवनीला कधी गेला असाल, तर गावाभोवतीचा जुना तट तुमच्या नजरेतून सुटला नसेल. एका अंगाला वैनगंगा, उरलेल्या अंगांना मातीचा उंच बांध आणि बाहेर खंदक. १९६९-७० साली तिथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले, मोठा स्तूप उजेडात आला, आणि गाव दोन हजार वर्षांहून जुने आहे याची खूण पटली. एवढा तट ज्यांनी घातला त्यांनी वैरी येणार हे धरूनच घातला असणार. पण तटाकडे पाहताना माझ्या मनात एक गोष्ट येते. तट वार थोपवतो, उत्तर देत नाही. उत्तर द्यायचे तर दरवाजा उघडून माणसांनाच बाहेर पडावे लागते. थोपवणे निराळे आणि उलटून मारणे निराळे.

आता तलवारबाजीतल्या ज्या शब्दाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे, तो या दोहोंच्या सांध्यावरच बसला आहे. तो शब्द म्हणजे प्रतिहल्ला. वर्तमानपत्रात तो रोज भेटतो. एका पुढाऱ्याने टीका केली, दुसऱ्याने तोंड उघडले, की मथळा तयार : अमक्यांचा तमक्यांवर पलटवार! तिथे ते खपून जाते. आखाड्यात मात्र असा सैल शब्द चालत नाही. तिथे त्याच्यापायी गुण जातो.

युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत इटालियन आणि फ्रेंच उस्तादांनी तलवारीचे शास्त्र बांधले, तेव्हा त्यांनी उलट वाराची दोन घराणी मानली. पहिले रिपोस्तचे. समोरच्याचा वार आधी आपल्या पात्यावर घ्यायचा, बाजूला सारायचा, आणि मग मारायचे. हा शब्द फ्रेंचांनी इटालियन भाषेतून उचलला. मूळ शब्द रिस्पोस्ता, आणि त्याचा अर्थ काय म्हणाल? उत्तर! आपल्याकडे कलगीतुऱ्यात सवालाला जवाब असतो ना, तोच हा जवाब. सवाल पुरा ऐकल्याशिवाय जवाब द्यायचा नसतो, तसा वार थोपवल्याशिवाय रिपोस्त होत नाही. त्या जवाबालाही थोपवून पुन्हा मारले, तर तो जवाबाचा जवाब.

दुसरे घराणे खऱ्या प्रतिहल्ल्याचे. इथे थोपवणे नाहीच. समोरचा वार करायला निघाला आहे, त्याचा हात अजून वाटेत आहे, आणि तेवढ्यात आपले पाते त्याला लागते. फ्रेंच उस्ताद यातल्या मुख्य वाराला ‘अटकावाचा घाव’ अशा अर्थाचे नाव देतात. मराठीत त्याला काय म्हणावे? आडवा वार म्हटले, तर आडव्या हाताने मारलेल्या वाराशी घोटाळा होतो. मला रोखवार हा शब्द बरा वाटतो. तुम्हाला याहून चांगला सुचला तर तो घ्या, पण दोन्ही वारांना एकच नाव देऊ नका.

का, ते पाहा. प्रतापगड आठवा, १० नोव्हेंबर १६५९. त्या एका भेटीत ही दोन्ही घराणी हजर आहेत. खानाने मिठीत धरून कुशीत शस्त्र चालवले, ते अंगरख्याखालच्या चिलखताने घेतले, आणि मग महाराजांचे हत्यार चालले. आधी थोपवले, मागून मारले. थोपवणारे पाते नव्हते, चिलखत होते, एवढाच फरक. हा जवाब झाला. त्यानंतर पट्टेकरी सय्यद बंडा महाराजांवर धावला. सभासदाच्या बखरीत महाराजांनी त्याचे पट्ट्याचे वार झेलल्याचे येते. पुढच्या वाराला जिवा महाला मध्ये पडला आणि त्याने सय्यदाचा हात हत्यारासकट तोडला. हा रोखवार! वार लागण्याआधी वार करणारा हातच राहिला नाही.

इथे पट्ट्याची घडण ध्यानात घ्यावी. पट्ट्याचे पाते लांब आणि सरळ असते, आणि मूठ खोबळ्यात बंद. मनगट वळत नाही, म्हणून सारा मार कोपरातून आणि खांद्यातून येतो. खोबळा पुढचा हात झाकतो, पण हात उगारला की वरचा भाग उघडा पडतो. तो उघडा पडण्याचा पळ जिवाने साधला. कोणी म्हणेल, तलवारबाजीत दोघेच असतात, हा तिसरा कुठून आला? आक्षेप खरा आहे. खेळाच्या नियमात जिवाला जागा नाही. पण त्याने साधलेली वेळ रोखवाराचीच आहे, आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्या एका पळावर उभी आहे.

आजच्या खेळात तीन हत्यारे आहेत : फॉइल, एपे आणि सेबर. फॉइल आणि सेबरमध्ये दोघांचेही दिवे लागले, तर पंच पाहतो की पुढाकार कोणाचा होता. ज्याने हात लांबवून आधी चाल केली, त्याचा हक्क पहिला. वार थोपवलात की हक्क तुमच्याकडे येतो, आणि तुमचा जवाब मोजला जातो. न थोपवता रोखवार केलात आणि समोरच्याचा वारही लागला, तर गुण त्याचा. तुमचा रोखवार त्याच्या चालीच्या शेवटच्या हालचालीच्या चांगला एक ठोका आधी लागला असेल, तरच तुमचा. एपेमध्ये हा हक्काचा हिशेब नाही. सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यात दोघेही लागले, तर दोघांनाही गुण. म्हणून एपेवाले रोखवारावर जगतात आणि सेबरवाले त्याला जपून हात घालतात.

एपेला विजेचे दिवे ऑलिंपिकमध्ये प्रथम लागले ते १९३६ साली बर्लिनला. त्याच वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवत होते. पण ऑलिंपिकच्या तलवारबाजीत भारताचा खेळाडू उतरायला २०२१ साल उजाडावे लागले. तोक्योला तमिळनाडूची भवानी देवी सेबरमध्ये उतरली आणि पहिली लढत १५-३ अशी जिंकली.

आता महाराष्ट्रात शाळकरी मुलेमुली तलवारबाजीच्या स्पर्धांत उतरतात. एखादी मुलगी दिवा लागला म्हणून हात उंचावते आणि पंच गुण समोरच्या बाजूला देतो. तिला वाटते, पंचाने अन्याय केला. तिच्या शिक्षकाने तिला दोन्ही वार ‘प्रतिहल्ला’ म्हणूनच शिकवले असतील, तर आपण थोपवलेच नव्हते, हे तिला कळावे तरी कसे?