कौटुंबिक छायाचित्र : क्षणाचे जतन आणि इतिहासाचे साधन

प्रास्ताविक

इतिहासलेखनात सनदा, दप्तरे, पत्रव्यवहार व शिलालेख यांना साधनांचा मान मिळाला आहे. घरातील अल्बमला तो क्वचितच मिळतो. वस्तुतः कुटुंबातील जिव्हाळा, दुरावा, बालपण व वार्धक्य यांचा लेखी पुरावा अत्यल्प असतो. जे लिहिले गेले नाही त्याचा काही अंश छायाचित्रांत उरतो. तो कसा उरला आणि तो वाचण्यासाठी काय आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्र आणि क्षण

१८३९ मध्ये पॅरिस येथे दागेर याची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार होते. तथापि तत्कालीन तंत्र क्षण टिपण्यास असमर्थ होते. १८५१ मध्ये पुढे आलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर काही सेकंद प्रकाश पडू द्यावा लागे आणि ती वाळण्यापूर्वीच तिच्यावरील रासायनिक प्रक्रिया पूर्ण करावी लागे. माणूस हलला की प्रतिमा पुसट होई. म्हणून मानेमागे टेकू लावून त्यास निश्चल ठेवीत. जुन्या चित्रांतील गंभीर चेहऱ्यांवरून त्या पिढीच्या भावनाशून्यतेचा निष्कर्ष काढणे म्हणूनच अयोग्य होय. त्या गांभीर्यामागे जसा शिष्टाचार आहे, तसा काचेचा मंदपणाही आहे.

१८७१ मध्ये मॅडॉक्स याने जिलेटिनची कोरडी काच सुचविली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा आला आणि १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ब्राउनी. कॅमेरा स्टुडिओतून घरात शिरला. भारतात तो दीर्घकाळ सधन वर्गाकडेच राहिला. पुढे आग्फा क्लिक-३ सारख्या साध्या कॅमेऱ्यांमुळे तो मध्यमवर्गापर्यंत पोहोचला. त्याच्या एका रोलमध्ये बाराच चित्रे निघत. साहजिकच बारसे, मुंज, लग्न, सहल यांना प्राधान्य मिळाले. स्वयंपाकघर, आजारपण व नित्याचे कष्ट बहुधा बाहेर राहिले. अल्बममध्ये काय नाही, हेही म्हणून पुराव्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

शेरगिल कुटुंबाचा संग्रह

घरातल्याच व्यक्तीने केलेल्या छायाचित्रणाचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४). संस्कृत व फारसीच्या या व्यासंगी गृहस्थाने हंगेरियन पत्नी मारी आंत्वानेत, अमृता व इंदिरा या कन्या आणि स्वतःची चित्रे अनेक दशके काढली. अमृता चित्रकार म्हणून ख्यातनाम झाली आणि १९४१ मध्ये लाहोर येथे अवघ्या २८ व्या वर्षी निवर्तली. तेव्हापासून तिच्या बालपणीच्या चित्रांचा अर्थ पालटला. वडिलांनी टिपले होते ते कौतुक. आज पाहणारा त्यात वियोगाची चाहूल शोधतो. क्षण स्थिर राहिला, भावना मात्र स्थिर राहिली नाही. नातू विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने या प्रतिमांची नवी जुळणी करून ‘रीटेक ऑफ अमृता’ ही चित्रमालिका सिद्ध केली आणि २०१० मध्ये अमृताची पत्रे व लेखन संपादित स्वरूपात प्रसिद्ध केले. हा संग्रह बोलका आहे तो केवळ प्रतिमांमुळे नव्हे, तर त्यांच्यासोबत पत्रे आणि आप्तांच्या आठवणी टिकून राहिल्या म्हणून.

समारोप

बहुसंख्य कुटुंबांस हे भाग्य लाभत नाही. चेहरे ओळखणारी शेवटची व्यक्ती गेली की आजीचे चित्र ‘एक अनोळखी स्त्री’ होऊन जाते. रंगीत प्रती फिकट होतात. भ्रमणध्वनीतील हजारो चित्रे एका बिघाडाने नाहीशी होऊ शकतात. परंतु नावांचे विस्मरण ही त्याहून मोठी हानी होय, कारण ती कोणत्याही तंत्राने भरून निघत नाही.

इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकडून, कुटुंबाच्या संमतीने, जुन्या छायाचित्रांची नोंद करून घ्यावी : व्यक्ती, नाते, स्थळ, प्रसंग, चित्र कोणी काढले आणि चौकटीबाहेर कोण राहिले. घरातील वृद्धांजवळ बसून ही नोंद आजच करणे शक्य आहे. कॅमेऱ्याने क्षण राखला. त्याचा अर्थ राखणे हे शब्दांचे, म्हणजेच आपले, काम आहे.